बेन नेव्हिसवरचं अमृतकोकम

मला राग पटकन येतो, आणि स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगरावर तो मला चांगलाच नडला. पुण्याहून इथे ब्रिटनमध्ये माझ्याकडे आलेल्या आत्याला मी हा विझलेला ज्वालामुखी दाखवायला नेलं. जून उजाडला तरी वर बर्फ होता. आत्या दर रविवारी सिंहगड चढते, त्यामुळे ती पुढे आणि मी धापा टाकत मागे.

बर्फ दिसताच तिने पिशवीतून अमृतकोकमची बाटली आणि वाट्या काढल्या. "बस, गोळा खाऊ."

"आत्या, लोक बघतायत! ठेव ती!"

"बघू देत. त्यांनाही देऊ."

मी बाटली हिसकावली. झाकण उडालं आणि माझी पँट, खालचा बर्फ, सगळं लालभडक झालं.

खालून एक गोरे आजोबा धावत आले. "हलू नकोस! मी रेस्क्यूला फोन लावतोय!"

"अहो, हे रक्त नाही, सरबत आहे!"

त्यांना पटेना. आत्याने शांतपणे स्वच्छ बर्फ वाटीत घेतला, उरलेलं कोकम ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चाखलं, फोन खिशात टाकला आणि दुसरी वाटी मागितली.

"आणि मला?" मी विचारलं.

"थांब जरा," आत्या म्हणाली. "तुमच्या ब्रिटनमध्ये पेशंटला डॉक्टरसाठी महिनोन्महिने थांबायची सवय असते ना?"