झाकणभर औषध

हसू नका, पण सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला की मला आजही घाम फुटतो. ते पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार. फवारणीआधी कागदी पट्टीने पाण्याचा पीएच तपासायचा आणि जास्त निघाला की औषध ओतून खाली आणायचा, ही सवय. लग्नाला तीनच महिने झाले होते. आमच्या घरी आले आणि ती पट्टी थेट माझ्या फिशटँकमध्ये बुडवली.

"जावईबापू, आठ आहे! सहावर आणू."

"मामा, माशांना आठ चालतो. फक्त एकदम बदलला तर..."

"बाग तुम्ही करता का मी?"

तोवर झाकणभर औषध आत गेलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पण मामांना बोलायची हिंमत होईना. ते गेल्यावर तासाभरात सहाच्या सहा मासे उलटे तरंगत होते.

रविवारी ते परत येणार होते. मी सगळं पाणी बदललं, दुकानातून हुबेहूब तसेच सहा मासे आणून सोडले. मामा काचेपाशी वाकले.

"बघा, कसे पळताहेत! म्हटलं नव्हतं?"

आणि त्यांनी खिशातून बाटली काढली.

"आता दुसरा डोस देऊ."