बाबांसाठी कुंडमचा चाकू

माफी मागूनच सुरू करतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि मराठी मला बोलता येते त्यापेक्षा समजतेच जास्त. दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवायची आपली योग्यता आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आमच्या कांचघरच्या गल्लीतले मधुकरकाका, फॅक्टरीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले, एका दुपारी बोलत गेले आणि मी लिहीत गेलो. चुका असतील त्या माझ्या. बोलणं त्यांचं आहे.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा इकडं जबलपूरला आले ते इंग्रजांच्या काळात, त्या मोठ्या लढाईत सरकारी तोफांच्या फॅक्टरीची भरती निघाली तेव्हा, अंगावर एक सदरा, बगलेत वळकटी, आणि हिंदी किती यायची तर हाँ आणि नहीं, ते पण बाबा उलटंच वापरायचे असं आई सांगायची, आता आईचं किती खरं मानायचं ते तूच पाहून घे. फॅक्टरीत त्यांना टूलरूममध्ये धार लावायच्या चाकावर बसवलं, आणि बसले ते बसलेच, तीस वर्षं. आख्ख्या फॅक्टरीची कापायची-तासायची हत्यारं त्यांच्या हातून धार लावून जायची. घरी पण तेच. विळी म्हण, कैची म्हण, शेजारच्या पंडिताइनचा सुपारीचा सरौता म्हण, सगळ्या मोहल्ल्याची धार आमच्या ओट्यावर. ओट्यावर त्यांनी हातानं फिरवायचं एक लहान चाक बसवलं होतं, मी मूठ फिरवायचो आणि ते पातं टेकवायचे.

आणि बोलणं काय सांगू तुला, बोलणं नाहीच. चांगलं असलं तर हं. वाईट असलं तर तेही नाही. मी मॅट्रिक पास झालो तर हं. फॅक्टरीत अप्रेंटिस लागलो तर हं. मंग मी ठरवलं की पहिल्या पगारातून बाबांना असं काही द्यायचं की हंच्या पुढं एक तरी शब्द निघाला पाहिजे.

त्यांचा एक खिशातला चाकू होता, गावाहून आणलेला. धार लावून लावून त्याचं पातं गवताच्या काडीएवढं राहिलं होतं, आणि खीळ अशी ढिली की पेरू कापायला गेलं की पातं आपलं डावीकडं अन् पेरू उजवीकडं. रोज जेवण झालं की ते पेरू कापायचे, मीठ लावायचे, पहिली फोड आईला, मंग मला, मंग स्वतःला. मी म्हटलं, झालं, चाकूच घ्यायचा.

सोपं वाटलं होतं मला. पण विचार कर ना, ज्या माणसानं तीस वर्षं फक्त धारच पाहिली त्याला चाकू द्यायचा! इथल्याच, जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणे, भैया ये देखो, बटन दबाओ और खटाक. मी म्हटलं, माझे बाबा पेरू कापतात, पेरूला धमकी देत नाहीत. मंग दुसरा दाखवला, त्यात कैची, त्यात बाटली उघडायचं, त्यात दात कोरायचं. आईला येऊन सांगितलं तर ती म्हणे, चाकू घेऊन राहिला का आलमारी?

मंग कोणीतरी सांगितलं, तिकडं कुंडम गावच्या रविवारच्या बाजारात एक लोहार बसतो, सुखलाल नावाचा, जुन्या पद्धतीचे चाकू बनवतो. त्या वर्षी बंगालकडं लढाई होणार होणार असं सगळे म्हणून राहिले होते, फॅक्टरीत येत्या सोमवारपासून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद, रविवारची सुट्टी पण बंद. तर तो सुट्टीचा शेवटचा रविवार. मी सकाळच्या बसनं गेलो. महुआच्या झाडाखाली गोणपाटाचा बोरा पसरलेला, त्यावर दहा-बारा चाकू, तेंदूच्या काळ्या लाकडाच्या मुठी, पातं दुमडून मुठीत जाणारं, ना बटन ना चमक. मी एकेक उघडून बंद करून पाहिला, बाबा पाहायचे तसा कानाजवळ नेऊन. एकाची मूठ इतकी सुंदर की काय सांगू, पण पातं हलत होतं. एकाचं पातं चांगलं पण बंद होताना किर्र करायचं. तिसरा दिसायला अगदी साधा, पण बंद होताना असा आवाज आला, टप्, जसं पेटीचं झाकण बसतं. मनगटावरचा केस कापून पाहिला. सुखलाल हसला, म्हणे, बेटा, दुल्हन देख रहा है क्या? मी म्हटलं, नहीं दादा, बाप के लिए है. तो म्हणे, तब तो और देख.

घरी आलो. आई म्हणे, चाकू हातात नाही द्यायचा कोणाच्या, भांडण होतं, खाली ठेव, ते उचलतील. मी पाटावर ठेवला. बाबांनी उचलला, उघडला, बंद केला, कानाशी नेला. पुन्हा उघडला. आणि म्हणाले, हं, चांगला आहे. ऐकलं का तू? हं, आणि पुढं दोन शब्द! आई माझ्याकडं पाहून हसली. मी त्या वेळी राजा होतो बाबू, राजा.

आता नवीन पातं आलं की बाबा त्याला एकदा स्वतःच्या चाकाला लावणारच, ती त्यांची सवय. मी चाकाची मूठ फिरवली, त्यांनी पातं टेकवलं. आणि ठिणग्या निघाल्या त्या अशा बारीक, लाल, मंद. बाबांनी हात उचलला. पुन्हा पातं टेकवलं. पुन्हा तशाच.

तुला नाही समजणार, समजावतो. प्रत्येक लोखंडाची ठिणगी वेगळी. लोहार ट्रकची कमानी, म्हणजे खालच्या स्प्रिंगचा पाटा, कापून चाकू करतात, तिची ठिणगी पांढरी, फुलबाजीसारखी फुटते. आणि ही लाल, मंद ठिणगी फक्त एका पोलादाची, फॅक्टरीत लोखंड कापायच्या मोठ्या आरीचं पातं असतं त्याची. ते बाजारात कुठून येणार? फॅक्टरीतले काही चोरटे लोक असं तुटलेलं पातं शर्टात लपवून बाहेर काढायचे, त्याचे चाकू करायचे. आणि बाबा चोरीच्या वाऱ्याला उभे न राहणारे.

म्हणाले, कोणत्या सेक्शनमधून उचललं? मी म्हटलं, बाबा, कुंडमहून घेतलं, लोहाराकडून. ते म्हणाले, ठिणगी खोटं नाही बोलत. मी म्हटलं, कबाड्यानं फॅक्टरीच्या भंगाराच्या नीलामात घेतलं असेल. म्हणाले, नीलाम सालभरापासून बंद आहे. लढाई तोंडावर आली, पोट्टे सरहद्दीवर जाऊन राहिले आणि तू फॅक्टरीचं पातं खिशात घालून आणतं? आणि त्याचा चाकू करून मले देतं? आठवडा देतो, पुढच्या सोमवारी मी हा साहेबांच्या टेबलावर ठेवतो. त्याच्या आधी खरं सांग.

काय सांगू तुला तो आठवडा. पुरावा कुंडमला, आणि मला सुट्टी नाही. आधी आम्ही बापलेक जोडीनं सायकलवर जायचो, आता ते पुढं दहा सायकली सोडून. पेरूची फोड आईला मिळायची, स्वतःला घ्यायचे, माझी ताटलीत नाही. नोकरी जाईल याचं एवढं नव्हतं रे. त्यांच्या मनात मी चोर होतो, तेच खुपायचं. चहा घे, थंडा होऊन राहिला. शीक बाबू तू, खूप शीक, घरच्यांनी विश्वास टाकला तुझ्यावर, ही लहान गोष्ट नाही.

तर रविवार आला. मी अन् बाबा ड्युटीवर. आणि आमची आई, जी कधी एकटी सदर बाजारात गेली नव्हती, तिनं भाकरी बांधली, चाकू झोळीत टाकला आणि कुंडमची बस धरली. सुखलालसमोर बोऱ्यावरच बसली म्हणे, आणि तिच्या हिंदीत म्हणाली, तुमने मेरे लड़के को चोर काहून बनाया? तो घाबरला बिचारा. म्हणे, बाई, ये चोरी का नहीं, पुराने नीलाम का माल है, दो साल पहले कबाड़ी से लिया था, बैठके घिस-घिस के बनाता हूँ. आणि पेटीतून उरलेल्या पात्याचा हातभर तुकडा काढला. त्याच्या एका टोकाला पिवळा रंग मारलेला. बस, तोच पुरावा. कारण नीलामात काढायच्या मालाला फॅक्टरी आधी पिवळा रंग मारायची, तो मारल्याशिवाय कबाड्याला एक खिळा पण मिळायचा नाही, हे आईला पण ठाऊक होतं. चाकू करताना सुखलालनं तो घासून काढला होता, एवढंच.

आई तो तुकडा घेऊन सरळ फॅक्टरीच्या गेटवर. दरबान म्हणे, अम्मा, फैक्टरी का माल लेके कहाँ चलीं? ती म्हणे, बाहर से लाई हूँ, अंदर से नहीं, डोळे आहेत का बटन? तेवढ्यात भोंगा झाला. पाच वाजता हजारो सायकली एकदम सुटायच्या, पूर आल्यासारख्या, त्यात माणूस काय दिसतो? आई एका दगडावर चढली, तुकडा वर धरला आणि ओरडली, अहो, पिवळा आहे! पिवळा!

बाबा तर अजून आत, सायकल स्टँडपाशी, मी त्यांच्या मागं दहा सायकली. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. पण पुढच्या माणसानं मागच्याला विचारलं, ये बाई कौन है, कोणी म्हणे टूलरूमवाले काका की घरवाली, आणि मंग ती गोष्ट सायकलीवरून सायकलीवर मागं मागं सरकत आली, लोक हसून राहिले, घंट्या वाजवून राहिले, कोणाला समजत काही नव्हतं पण सगळे एकमेकांना सांगून राहिले, शेवटी पेंटशॉपचा पांडे सायकल आडवी घालून बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, काका, गेट पे चाची खड़ी हैं, आरी का टुकड़ा लेके, कह रही हैं पीला है.

बाबा सायकलवरून उतरले. एवढ्या गर्दीत वळले, आणि मी जवळ येईपर्यंत तिथंच थांबले.