काळ्याखालचा निळा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या नाट्यमंडळीतले जुने-नवे सहकारी, पडद्यामागची माणसं आणि रसिकहो,

आमच्या वेशभूषाकार ताईंच्या निरोपाचं बोलायला मला उभं केलं आहे. नाटकातली विधवा मीच, तेव्हा रडकं भाषण हिलाच जमेल असं संयोजकांना वाटलं असावं.

गेल्या शतकाच्या सुरुवातीचं, विलायतेतल्या गिरणी कामगाराच्या घरातलं आपलं नाटक. त्यापायी ताईंनी आम्हाला काय कमी छळलं? मालकाचं काम करणाऱ्या बुजुर्ग नटाचं मनगटी घड्याळ त्यांनी भर तालमीत उतरवून घेतलं. झग्याला चेन दिसली की कडाडायच्या, "ही चेन बाजारात येईपर्यंत ती बाई म्हातारी झाली असेल! हुक लावा!"

माझा काळा पोशाख मात्र त्यांनी शिवलाच नाही. म्हणाल्या, "गरीब बाई दुखवट्याला नवे कपडे कुठून आणणार? असलेला चांगला झगाच काळा रंगवायची. शिवणीपाशी जुना रंग डोकावला पाहिजे. आहे तुझ्याकडे एखादा?"

होता. निळा. लग्नानंतर यांनी हौसेनं घेतलेला. दिला मी.

यांचा चेहरा पडला. हे म्हणजे याच नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायचे ते. तुमच्यापैकी बरेच जण खुर्चीच्या नंबरावरून त्यांच्याशी भांडलेही असाल. "नाटक संपलं की परत निळा होईल ना गं?" मी म्हटलं, "होईल हो, ताई आहेत ना!" मग प्रत्येक प्रयोगाआधी खिडकी बंद करून रंगपटात डोकवायचे, "निळा होईल ना?" आमची ती थट्टाच होऊन बसली होती.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. पाठोपाठ प्रयोग लागला होता. तोच पोशाख घालून मी उभी राहिले, आपण टाळ्या वाजवल्यात. दुःख अगदी खरं वाटतं, असं वर्तमानपत्रात छापून आलं. काळ हेच औषध, असं सगळे सांगतात. मला ते लागू पडलेलं नाही, रसिकहो. घरी जाते, कुलूप काढते, आणि कुणी काही विचारत नाही.

आज शेवटचा प्रयोग झाला. ताई माझे हुक काढत होत्या. मी विचारलं, "ताई, होईल का हो परत निळा?" काळा चढला की उतरत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. प्लास्टिकचं एक बटणसुद्धा ज्यांनी कधी खपवून घेतलं नाही, त्या बाई बराच वेळ घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "होईल गं. वेळ लागेल."

ताई, उद्या तुम्ही लेकीकडे निघालात. आता मी हे विचारायचं तरी कुणाला?

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे पाहू नका, संपलंच. सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. पोशाख मी घरी नेते आहे.