लाल चिठ्ठीचं झाड

हसाल तुम्ही, पण आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरी एका रानटी झुडपाला लाल चिठ्ठी लागली होती. बाबा फॅक्टरीत तपासनीस होते. तिथे माल संशयास्पद वाटला की लाल चिठ्ठी बांधायची. रिटायर झाले तरी सवय काही गेली नाही. तुळशीमागे आपोआप उगवलेल्या त्या झुडपाला वाटाण्याएवढी काळी फळं धरली, अन् बाबांनी लगेच चिठ्ठी बांधली: 'जाँच जारी है, हाथ न लगाएँ.'

मग रोज सकाळी पिकलेल्या फळांची मोजणी. तेवीस. अठरा. अकरा.

"बुलबुल खाऊन राहिले," बाबा म्हणाले. "एखादा मेला, तर समजायचं विषारी आहे."

सहाव्या दिवशी काळं फळ एकच उरलं, अन् मेलेला बुलबुल काही सापडेना. आई चहा देत म्हणाली, "अहो, कामोणी आहे ती. माहेरी ओंजळीनं खायचो आम्ही. पूजेची फुलं तोडताना मीच खाऊन राहिली रोज."

बाबांनी कप खाली ठेवला. "जीभ दाखव!"

आईनं दाखवली. जांभळी होती, बाकी आई ठणठणीत.

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही पास केली असती, तर साऱ्या गल्लीनं एका दिवसात संपवली असती."

उरलेलं फळ बाबांनी तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं. मग हिरव्या घोसांकडे बघितलं अन् नवी चिठ्ठी काढली. पस्तीस वर्षांत एकही खोटा शेरा न मारलेल्या माणसानं ठळक अक्षरांत लिहिलं: 'ज़हरीला है.'