चक्की बंद होती!

पुन्हा मीच सांगू? अरे, मोहल्ल्यात दुसरं कोणी तोंडवालं राहिलं नाही काय? पानठेल्यावर टेकलो का लागले मागं, "नत्थूजी, ते डिस्कोचं सांगा, नत्थूजी, ते डिस्कोचं सांगा"... तुम्हाले हसाले पाहिजे, पण माझं इथं नाव गेलं बाप्पा, आयुष्यभराचं नाव! सांगतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग काय हसायचं ते हसा. चक्की बंद होती. बंद म्हणजे बंद!

आता तुम्ही म्हणसान, बंद होती तर होती, त्यात काय? त्यातच तर सगळं आहे ना! माझी चक्की तेलाच्या इंजिनावरची. धुराड्याच्या तोंडावर म्या टिनाचं एक डबडं लटकवलेलं. इंजिन चाललं का धूर त्याले खालून थपडा मारते अन् ते वाजते, टुक्-टुक्-टुक्-टुक्... काहून लटकवलं? अरे, माझी जाहिरातच ते! बाई घरी भाकर थापता थापता ऐकते, "सुरू झाली वं नत्थूजीची," म्हणते, डबा डोक्यावर घेते, आली! दर चक्कीचं डबडं वेगळं बोलते. माझं जरासं नाकात बोलते, पण आपल्या नंदनवन मोहल्ल्यातलं रांगतं लेकरू ओळखते त्याले. टुक्-टुक् आलं म्हणजे नत्थू दळून राहिला, नाही आलं म्हणजे नाही. म्या शाळा पाहिली दुसरीपर्यंत, तिथंबी मास्तरची छडी मोडली म्हणून घरी धाडलं, पण या टुक्-टुक्मध्ये कधी खोटं बोललो नाही!

अन् ऐंशीच्या नवरात्रात, घरोघरी दळणाची घाई, इंजिनाचा पिस्टन बसला! दोन्ही हात काळे करून उघडलं, पिस्टन काढला, इतवारीच्या बाजारात दुरुस्तीले देला, दारावर कुलूप. चक्की बंद.

आता चक्कीच्या मागच्या खोलीत कोण? मोहल्ल्यातल्या गोपाळरावचा पोरगा जयवंता अन् त्याची टोळी. केस मानेखाली, पँट अशी का चालताना रस्ता झाडते! मले म्हणे, "काकाजी, आमचा बँड आहे, तालमीले खोली पाहिजे." मले वाटलं लग्नाचा बँड, म्या देली! मग कळलं, रॉक बँड. रॉक म्हणजे काय, तर चार जण एकमेकांचं न ऐकता वाजवते ते. वरून त्यांच्यात भांडण! एक म्हणे, "आपण रॉकवाले, डिस्को केलं तर तोंड दाखवू शकणार नाही." दुसरा म्हणे, "पब्लिक डिस्कोच मागून राहिली." जयवंता म्हणे, "डिस्कोच करू, पण मधात फंक टाकू." म्या विचारलं, "हे फंक काय राहते बे?" म्हणे, "काकाजी, ऐकलं का कंबर आपोआप हलते ते." म्या म्हणलं, "ते तर माझी रोज सकाळी हलते, त्याले आम्ही वात म्हणतो!"

शेवटी एक डिस्कोचं गाणं धरलं, पण त्याचा ताल काही त्यांच्या हाताले लागेना. अन् इंजिन खोललं तवा ते डबडं ओट्यावर पडलेलं. जयवंतानं काडी मारली. टुक्. पुन्हा मारली. टुक्-टुक्. त्याचे डोळे असे चमकले, जसं पोट्ट्याले बायको भेटली! "काकाजी, हेच! याच्यातच डिस्को आहे! हे द्या ना, शारदेच्या मांडवात आमचा प्रोग्राम आहे तोवर!" म्या म्हणलं, घेऊन जा बे, तसंही चक्की बंद आहे.

अन् दुसऱ्या दिवशी दुपारी यमुताई आली. समोरच्या गल्लीतली. तिनं एकदा म्हणलं का मोहल्ल्यात ते कोर्टाचा निकाल. मागं सात-आठ बाया, सगळ्यांच्या डोक्यावर डबे. म्या म्हणलं, "ताई, चक्की बंद आहे."

"बंद? मग हे काय वाजून राहिलं?"

अन् मागून... टुक्-टुक्-टुक्-टुक्! तेच डबडं, तोच नाकातला आवाज, त्याच्यासमोर माईक अन् माणसाएवढे बॉक्स!

"ते गाणं आहे, ताई."

"गाणं? मले शिकवता? आमचे डबे परत धाडता अन् दार लावून हलवायाचं बेसन दळता काय?"

म्या कुलूप खोललं. हे पाहा इंजिन, पोट फाडून पडलं आहे! तर म्हणते, "आमची चाहूल लागली अन् खोलून ठेवलं असन." अन् इंजिनावर हात ठेवून बायांले म्हणते, "पाहा वं, गरम आहे!" अरे, टिनाचं छप्पर, दसऱ्याचं ऊन, तिथं माझं टक्कलबी गरम होतं! त्यावर काहून हात नाही ठेवला?

झालं! नळावर, किराण्यात, एकच गोष्ट. नत्थूजी लपून दळते. नत्थूजी खोटा आहे. जयवंताची मानगूट धरली, म्हणलं, आण माझं डबडं. तर पाया पडाले लागला, "काकाजी, सगळं गाणं त्याच्यावर उभं आहे." तवा माझ्या डोक्यात आलं... वाजव बेटा! मांडवात बाया समोर बसतीन, मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसीन, चक्की तिकडं कुलपात, अन् टुक्-टुक् इकडं स्टेजवर. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाईन खरं-खोटं!

प्रोग्रामच्या संध्याकाळी धुतलं धोतर नेसून पहिल्या खुर्चीवर बसलो. पण मोहल्ल्याचा मांडव तुम्हाले माहीत आहे, स्टेजवर पडदा, पडद्याच्या मागं हे पोट्टे तयारी करून राहिले. जयवंता म्हणे, डिस्कोत आधी ताल येते, मग पडदा उघडते. का? तर स्टाइल! झाला सुरू ताल. टुक्-टुक्-टुक्-टुक्...

मी उभा झालो, छाती काढली, बायांकडं वळून पाहिलं. म्हणलं, ऐका आता! ऐकलं ना त्यांनी... एक उठली. दोन उठल्या. "सुरू झाली वं नत्थूजीची!" सगळी सतरंजी रिकामी! म्या म्हणलं, "अवं, मी इथं आहे ना!" तर यमुताई जाता जाता म्हणते, "तुम्ही इथं बसून सोंग करा, तिकडं तुमची बुढी दळून राहिली!" पडदा उघडला तवा समोर कोण? चार म्हातारे अन् एक कुत्रं. जयवंतानं आपला फंक कुत्र्याले ऐकवला.

मी धोतर धरून मागं पळालो. चक्कीवर पाहतो तर घरून डबे घेऊन आलेल्या बायांची ही मोठी लाइन! दाराले कुलूप, पाठीमागं मांडवातून अजून टुक्-टुक् चालूच, गाणं संपतच नाही, डिस्को म्हणजे लांबच राहते म्हणे... अन् लाइनमध्ये सगळ्यात पुढं, डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन, माझी बुढी! माझी सख्खी बायको! म्हणे, "काहून जी, मले वाटलं तुम्हीच सुरू केली."

तवा कुठं बायांनी कुलूप पाहिलं, बुढीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी यमुताईसमोर जाऊन उभा झालो. म्हणलं, बोल आता! चक्की बंद होती का नाही? हलवायाचं बेसन दिसते काय कुठं? बोल वं, ताई!

तिनं डोक्यावरचा डबा सारखा केला अन् म्हणे, "मग आता या गव्हाचं काय करू?" अन् चालली चंपतरावच्या चक्कीवर! मागं सगळ्या! मागं माझी बुढीबी दोन पावलं गेली, म्या पदर धरला म्हणून थांबली.

पिस्टन आला. डबडं आलं, पोट्ट्यांनी काड्या मारून मारून पोचे पाडलेलं. इंजिन सुरू केलं, टुक्-टुक्-टुक्-टुक्... दाराशी उभा राहून वाट पाहून राहिलो. दुपार झाली. एक बाई नाही! बाहेर येऊन ओरडलो, "चक्की सुरू आहे! सुरू आहे गा, सुरू!" कोणाच्या तरी ओसरीवरून आवाज आला, "लक्ष नको देऊ वं, पोट्टे तालीम करून राहिले." पोट्टे? अरे, पोट्ट्यांनी तर प्रोग्राम झाला त्याच दिवशी खोली सोडली, बँड मोडला, जयवंता आता कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं थान फेकते!

बसून राहिलो ओट्यावर. तेवढ्यात रस्त्यानं यमुताई चालली, डोक्यावर डबा, तोंड चंपतरावच्या चक्कीकडं. माझ्यासमोर थांबली. म्या म्हणलं, आता मागते माफी. ती डबड्याकडं कान लावून दोन क्षण उभी राहिली, मान डोलवली, अन् मले म्हणे, "चांगलं बसलं बरं गाणं आता!"

जयवंतानं पाय धरले. गोपाळराव येऊन हात जोडून गेला. बुढी... जाऊ द्या, घरचं माणूस. माफी मागायची राहिली एकच, अन् ती रोज याच रस्त्यानं जाते, यमुताई!