मोरवेलीचा बांध कुणाचा?

टाळ क्षणभर थांबवा, मंडळी! मृदंगबुवा, तुम्हीही हात टेका जरा. आधी एक प्रश्न विचारतो. सरकारनं गावाला पैसा दिला — समुद्र चढतोय, हवामान बिघडलंय, त्यावर तुम्ही गावकऱ्यांनीच मिळून काहीतरी करा, म्हणून दिला. तर तो पैसा कुणाचा?

काय म्हणालात? सरकारचा? बरं. तो खांबाजवळचा काय म्हणाला — सरपंचाचा? अहो हळू! सरपंच पुढच्याच रांगेत बसलेत! आणि या आजी म्हणतात, देवाचा. आजी, देव पैसा ठेवणार कुठे? त्याच्या पितांबराला खिसा आहे का?

मी उत्तर देत नाही. मोरवेलीची माणसं देतील. ऐका!

मोरवेली म्हणजे खाडीकाठचं गाव. इकडे भाताची शेतं, तिकडे खारं पाणी, मधे मातीचा बांध. बांधात एक लाकडी दार, त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला उघडतं, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती आली की पाण्याच्याच दाबानं मिटतं. पूर्वी उधाणाच्या आधी घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला जायचा. मग बांध सरकारनं ताब्यात घेतला. लोक म्हणाले, चला, सुटलो! सरकार म्हणालं, गाव बघेल! मग बांधाकडे बघत कोण राहिलं? खेकडे! त्यांनी आपली घरकुलं बांधली — विनाअर्ज!

आणि समुद्र तरी पूर्वीचा कुठे राहिला होता? उधाणाचं पाणी वर वर येऊ लागलं. एका पावसाळ्यात बांधाला ही मोठी खांड पडली. उघाडी गेली वाहून! खारं पाणी आत शिरलं, भात करपून गेलं.

खांडीसमोरच शेत होतं पोशीराम ठाकूरचं. हा राहायचा खालच्या आळीत. आणि वरच्या आळीत राहायच्या चांगुणाबाई घरत, महिला बचत गटाच्या प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे अख्ख्या वरच्या आळीचा शब्द. आता गंमत बघा — हे दोघं व्याही-विहीण! चांगुणाबाईंची लेक रंजना ही पोशीरामची सून. पण बोलणं? बंद!

का? लग्नातच बिनसलं! पंगतीत एक पदार्थ होता... हे कीर्तन आहे, मी नाव घेणार नाही. पण तो पाण्यात पोहतो! तर नवरदेवाकडच्यांच्या पानात नुसती डोकी आणि शेपट्या. पोशीराम ताडकन उठला, "मधले तुकडे गेले कुठं?" झालं! तेव्हापासून दोन आळ्यांनी एकमेकींची तोंडं बघितली नाहीत. नवरा-बायकोचा संसार मात्र झकास! भांडायला बाकीचं गाव होतंच की!

अशात आला निधी. तो घेऊन आल्या वृषाली कांबळे मॅडम, तरुण इंजिनिअर. म्हणाल्या, "काय करायचं ते गावानं एकमतानं ठरवा. दगड, पाइप, दार निधीतून. माती आणि हात तुमचे. महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही, तर निधी परत जाईल."

ग्रामसभा भरली. खालची आळी ओरडली, "बांध!" आणि वरची आळी? "कमान!" हो, कमान! गावाच्या तोंडाशी — ‘हवामानस्नेही मोरवेली आपलं स्वागत करीत आहे’! बांध का नको? तर त्यानं पोशीरामचं शेत वाचेल!

मॅडम म्हणाल्या, "कमानीतून स्वागत कुणाचं करणार? समुद्राचं?"

तरी कमानीचा हट्ट सुटेना. एकानं पोशीरामला कोपऱ्यात घेतलं, "अरे, विहिणीला एक शब्द तरी टाक." पोशीराम म्हणाला, "शेत गेलं तरी चालेल, त्या उंबऱ्यावर मी नाय चढनार!"

तोंडानं असं म्हणाला हो. पण रोज सकाळी शेतावर जाऊन उभा राहायचा. मिठानं पांढरी पडलेली माती हातात घ्यायचा, चुरायचा, टाकून द्यायचा. घरी आला की पानातलं जेवण तसंच. सून बघत होती. पण दोन्हीकडे तिचीच माणसं. ती बोलणार कुणाला?

महिना संपत आला. मॅडम गेल्या चांगुणाबाईंच्या घरी.

"बांध त्यांचा आहे, मॅडम," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाणी त्यांच्यात शिरतं. आम्ही उंचावर. बसा, चहा टाकते."

नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. परसातल्या विहिरीचं काढलं. मॅडमनी एक घोट घेतला... थांबल्या. दुसरा घेतला. मंडळी, सरकारी नोकरीत सहनशक्ती फार लागते — बाईनं कप संपवला! मग चांगुणाबाईंनी आपला कप तोंडाला लावला आणि — थू! "अगो बाय! मीठ पडलं का काय?" साखर चाखली, गोड. मग तांब्यातलं पाणी चाखलं... आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

सासऱ्यांनी खणलेली विहीर. खारी!

"इथवर कसं आलं हो?"

"शेतांत खारं पाणी साठून राहिलंय ना, मावशी. ते जमिनीखालून सरकत येतं. त्याला वरची आळी, खालची आळी कुठली कळायला?"

चांगुणाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि तडक खालच्या आळीत! लोक दारादारांत. पोशीराम ओट्यावर बसलेला. रंजनानं चौकट घट्ट धरलेली.

"व्याही, माझी विहीर खारी झाली."

मंडळी, पोशीरामच्या जिभेवर लग्नापासून घोळवलेली उत्तरं होती! एकेक असं, की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. पण तो म्हणाला काय?

"ती विहीर? शेतावरून येताना आम्ही पोरं तिथंच पानी प्यायचो." मग सुनेकडे वळला, "रंजना, आईला आत घे. उन्हात उभी हाय."

बस्स! ठराव एकमतानं झाला. कमानीचं दुःख एकट्या मोरवेलीच्या सरपंचाला!

दगड आला, दार आलं, दोन्ही आळ्या चिखलात उतरल्या. पण खांड बुजायच्या आतच अमावस्येचं उधाण आलं, भर दुपारी! पाणी चढतंय, चढतंय... पोशीराम ओरडला, "माती! माती!" आणि लागली माणसांची रांग. चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात! कोण कुठल्या आळीचा, चिखलात ओळखू येतंय होय? मॅडम घसरल्या कमरेइतक्या चिखलात. चांगुणाबाईंनी दंडाला धरून वर ओढलं आणि हातात लगेच दुसरा गोळा दिला!

नवं दार मिटलं — धप्प! पाणी बांधाच्या माथ्यापाशी आलं. थांबलं... आणि हळूच खाली सरकलं.

काय तो जल्लोष! म्हातारीकोतारी चिखलात नाचली! पोशीराम हसत होता आणि डोळे पुसायला जाऊन तोंडाला चिखल लावून घेत होता. चांगुणाबाई म्हणाल्या, "व्याही, राहू द्या, चांगले दिसताय!"

पुढचा पावसाळा आला, शेतातलं मीठ बरंच धुऊन गेलं, भात डुलायला लागलं. विहीर अजून पुरती गोड नाही, पण चव उतरत चाललीय. मग वरचे साहेब पाहणीला आले. बांधावर उभं राहून विचारलं, "हा कोणत्या योजनेतला?"

पोशीराम म्हणाला, "आमचा."

"अहो, पैसे सरकारचे लागले ना?"

"लागले की! ते आले म्हणून दगड आला, नाय म्हनत नाय. पन बांध आमचा. उद्या उधान आलं तर धावायचंय कुनाला?"

मिळालं उत्तर? आता तुमच्याकडे वळतो. हसू नका, सुटका नाही! तुमच्या ओढ्यासाठीही निधी मंजूर झालाय, आणि ग्रामसभा दोनदा माणसांवाचून उठली. का? इथे तर आज पाय ठेवायला जागा नाही! तेव्हा असं ठरलंय — उद्या सकाळी सभा, याच मंडपात. आणि आजचा महाप्रसाद? शिऱ्याचं पातेलं मी कुलपात ठेवलंय. मिळेल उद्या, सभा संपल्यावर!

कोण कोण येणार? हात वर! अजून वर! हां... आता म्हणा देवाचं नाव, आणि हात खाली घेऊ नका!