एकाच वाटीतली मेंदी

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोघी सवती, थोरली चाळिशीची, धाकटी विशीतली. नवरा तिकिटं काढायला गेलेला. दोघींच्या हातांवर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाची मेंदी.

"दाखव हात, सुपडे. बठ्ठा लाल झाला ना. माझा पाह्य, नुसता पिवळा."

"अक्का, मेंदी तं एकाच वाटीतली होती."

"म्हणून तं विचारते. नवऱ्याची माया जास्त, तिची रंगते म्हणतात. आपला तं नवरा बी एकच शे."

"तसं काही नसते. एखादीचं अंगच गरम ऱ्हाते."

"ताप मले येतो, अन् अंग तुझं गरम?"

"तुम्ही कधी धुतली?"

"सांजेलेच. पाव्हण्यांच्या भाकरी कोण थापणार होतं?"

"मी सकाळी धुतली. जास्त वेळ ठेवली म्हणून रंगली. मायेचं काही नाही त्यात."

"खरं?"

"आईची आन, अक्का."

"मग बरं. चार दिवस झाले, घास उतरत नव्हता मले. पण तू का नाही उठली भाकरीले?"

"मी उठतच होती. तेच म्हणले मले, तू बस, मेंदी बिघडेल. भाकरी अक्का थापेल."

थोरलीनं हात पदराखाली घेतले.

"मग लोक म्हणतात तेच खरं शे ना, सुपडे."